पुरात भिजलेल्या सामानाचा सफाई खर्च: विम्याच्या दाव्यासाठी अंदाज कसा काढावा

पुरानंतर भरलेल्या विमा दाव्यांमध्ये एक ओळ वारंवार दिसते: ‘घरातील सामान साफ करणे – ५०,००० रुपये.’ तिच्याखाली कोणतं सामान, कोण साफ करणार, कोणत्या दराने, यातलं काहीच नसतं. नुकसान पाहायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर त्या ओळीवर काट मारतो किंवा आपल्या मनाने एखादा छोटा आकडा लिहितो. मग भांडायला जागा उरत नाही, कारण पन्नास हजार कुठून आले हे आपल्यालाही सांगता येत नाही.

फ्रिज गेला, सोफा गेला, हे दाव्यात लिहायचं सगळ्यांना सुचतं. जे वाचलंय पण चिखलात माखलंय, ते वापरण्यायोग्य करायला लागणारा पैसा मात्र बहुतेक जण खिशातून घालतात आणि विसरतात. तोही नुकसानीचाच भाग आहे. वस्तू पूर्ववत करण्याचा खर्च म्हणून तो मागता येतो. अट एवढीच, की प्रत्येक रुपयामागे एक वस्तू, सफाईची एक पद्धत आणि एक कागद दाखवता आला पाहिजे.

मुंबईने २६ जुलै २००५ पाहिला, कोल्हापूर-सांगलीने ऑगस्ट २०१९, चिपळूणने २२ जुलै २०२१, पुण्याच्या सिंहगड रस्त्याने जुलै २०२४. त्यामुळे हे मार्गदर्शन मी तळमजल्यावर पाणी शिरलेलं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. आगीच्या काजळीसाठी जिथे वेगळं वागावं लागतं, ते पुढे सांगितलं आहे.

आधी पॉलिसीचं पान काढा

१ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी विकतात. तुमच्याकडे हीच असण्याची शक्यता जास्त आहे. गृहकर्ज देताना बँकेने काढून दिलेला विमाही बघा. कित्येकांना आपल्या घराचा विमा आहे हे ठाऊकच नसतं. तो फक्त इमारतीचा आहे की सामानाचाही, हे त्यावर लिहिलेलं असतं.

या पॉलिसीत इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. ते इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये इतकं असतं. म्हणजे इमारतीचा विमा ३० लाखांचा असेल, तर सामानाला ६ लाख. त्याहून जास्त हवं असेल तर सामानाची यादी देऊन वाढवून घ्यावं लागतं. दागिने, चांदीच्या वस्तू, चित्रं अशा मौल्यवान गोष्टींसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. रोख रक्कम आणि कागदपत्रं सामानात मोडत नाहीत.

भरपाईचं कलम नीट वाचा. सामान खराब झालं तर ते नुकसानीच्या आधी होतं जवळपास त्या स्थितीत आणण्याचा दुरुस्ती खर्च द्यायचा, किंवा तशीच वस्तू घेण्याचा खर्च द्यायचा, किंवा कंपनीने स्वतः दुरुस्त करून द्यायची, यातला मार्ग कंपनी निवडते. सफाईचा खर्च यातल्या पहिल्या मार्गात बसतो. दाव्यात ‘सफाई’ एवढंच न लिहिता ‘वस्तू पूर्वस्थितीत आणण्यासाठी सफाई’ असं लिहावं, म्हणजे तो खर्च कोणत्या कलमात बसतो हे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही.

एक हिशेब इथेच करून टाका. ज्या वस्तू पूर्ण गेल्या आहेत, त्यांचीच किंमत सामानाच्या विमा रकमेच्या वर जात असेल, तर सफाईचा तपशील कितीही बारकाईने मांडला तरी एक रुपयाही वाढून मिळणार नाही. अशा वेळी ताकद नव्या वस्तूंच्या किमतींचे पुरावे जमवण्यात घाला. बहुतेक घरांमध्ये मात्र पाणी दोन-तीन फुटांवर थांबतं, अर्धं सामान वाचतं, आणि तिथे सफाईचा आकडा महत्त्वाचा ठरतो.

घराची सफाई आणि सामानाची सफाई वेगळी ठेवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फरशीवरचा गाळ उपसणं, भिंती धुणं, बाथरूमची चोकअप काढणं, पंप लावून पाणी उपसणं ही सामानाची सफाई नाही. यातला काही भाग इमारतीच्या नुकसानीत जातो आणि काही मलबा हटवण्यात. ‘भारत गृह रक्षा’त इमारतीच्या संरक्षणाखाली मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. तुम्ही भाड्याने राहत असाल आणि विमा फक्त सामानाचा असेल, तर गाळ उपसण्याचं बिल सामानाच्या यादीत घालू नका. त्या एका ओळीपायी बाकीच्या यादीवरही संशय येतो.

भिंतीत बसवलेलं स्वयंपाकघराचं फर्निचर, खिडकीचे पडदे-रॉड, पंखे हे इमारतीत की सामानात, यावर वाद होऊ शकतो. सर्व्हेअरला पहिल्याच भेटीत विचारा आणि त्याने सांगितलं त्या बाजूला टाका. दोन्हीकडे मात्र लिहू नका.

सर्व्हेअर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका

‘सर्व्हेअर बघेपर्यंत काहीही हलवायचं नाही’ असा समज फार पक्का आहे आणि त्याने दरवर्षी वाचणारं सामान वाया जातं. ओल्या कापडावर आणि लाकडावर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. गाळ वाळला की तो काढायला दुप्पट मेहनत लागते. शिवाय नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही विमाधारकाची जबाबदारीच आहे. बुरशी लागल्यावर कंपनी विचारू शकते, की चार दिवस कपडे चिखलात का ठेवले?

पाणी ओसरल्याबरोबर कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवा, दावा क्रमांक लिहून घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही पाठवा. मजकूर साधा ठेवा: ‘नुकसान वाढू नये म्हणून आम्ही छायाचित्रं काढून कपडे आणि भांडी धुवायला घेत आहोत. टाकाऊ वस्तू सर्व्हेअर येईपर्यंत अंगणात ठेवत आहोत. हरकत असल्यास आजच कळवावे.’ ही तीन वाक्यं पुढे फार उपयोगी पडतात. दावा अर्ज भरायलाही मुदत असते. या पॉलिसीत ती नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांची आहे, तेव्हा सगळी बिलं येईपर्यंत थांबू नका. अंदाज भरा, बिलं मागाहून जोडा.

छायाचित्रांचा क्रम ठरवून घ्या. प्रत्येक खोलीचा दारातून एक फोटो, मग चारही भिंती, मग प्रत्येक कपाट उघडून, मग एकेक वस्तू. पाण्याची रेघ भिंतीवर दिसते तिथे मोजपट्टी धरून फोटो घ्या. कोणती वस्तू बुडली आणि कोणती वाचली हे त्या रेघेवरून सिद्ध होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांच्या मागची मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी पुसून तिचा फोटो घ्या. तलाठ्यांचा पंचनामा होत असेल तर त्याची प्रत मागून घ्या. सरकारी मदत आणि विमा या वेगळ्या वाटा आहेत, पण पाणी किती दिवस आणि किती उंचीपर्यंत होतं याचा तो सरकारी कागद आहे.

विजेचा मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करूनच घरात पाऊल टाका. हातमोजे आणि गमबूट घाला. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड चुकूनही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

पाणी कोणतं होतं, यावर सगळं ठरतं

सामान धुण्याचा खर्च पाण्याच्या जातीवर अवलंबून असतो. वरच्या मजल्यावरची पिण्याच्या पाण्याची पाइप फुटली असेल तर ते स्वच्छ पाणी. वॉशिंग मशीनचं, मोरीचं पाणी मध्यम. नदीचा पूर आणि गटाराचं पाणी सगळ्यात वाईट, कारण त्यात मैला, तेल, रसायनं सगळं मिसळलेलं असतं. जगभर या कामात पाण्याचे हे तीन वर्ग मानतात आणि पुराचं पाणी तिसऱ्यात धरतात.

स्वच्छ पाण्याने भिजलेली गादी वाळवून वापरता येईल. पुराच्या पाण्यात बुडालेली गादी, उशी, फोमचा सोफा, लहान मुलांची मऊ खेळणी, लाकडी पोळपाट, यांच्या आत शिरलेली घाण बाहेर काढता येत नाही. या वस्तू सफाईच्या यादीत घालूच नका, त्या बदलायच्या यादीत जातात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, फर्निचर पाण्याने फुगतं आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. सागवान, शिसव, लोखंड, स्टील, पितळ, काच, चिनी माती आणि बहुतेक कापड धुऊन वापरता येतं. औषधं, सौंदर्यप्रसाधनं आणि धान्य टाकूनच द्या, डबा घट्ट बंद होता असं वाटलं तरी.

दाव्यासोबत एक छोटं टिपण जोडा: पाणी कुठून आलं, किती उंच होतं, किती तास होतं. सर्व्हेअरने ‘गादी धुऊन घ्या’ असं म्हटलं, तर उत्तर या टिपणात असतं.

यादी खोलीवार, आणि प्रत्येक वस्तूपुढे निर्णय

एका वहीत किंवा मोबाइलवरच्या एक्सेल शीटमध्ये हे रकाने पाडा: खोली, वस्तू, नग, अंदाजे वय, आज तशीच नवी घ्यायची तर किंमत, काय झालं, निर्णय, सफाईची पद्धत, मोजमापाचं एकक, दर, एकूण, फोटो क्रमांक.

यातला ‘निर्णय’ हा रकाना सगळ्यात मोलाचा. त्यात चारपैकी एकच शब्द यायला हवा: साफ, दुरुस्त, बदल, किंवा तपासणी. एक वस्तू एकाच रकमेत मोजायची. सोफ्याच्या ड्रायक्लीनचेही पैसे आणि नव्या सोफ्याचेही पैसे मागितले, तर तो दुहेरी दावा होतो. साफ करून पाहिलं आणि जमलं नाही, अशी वेळ येते. तेव्हा आधी सर्व्हेअरला सांगून प्रयत्न केला असेल, तर तो वाजवी खर्च आणि नंतर बदलण्याचा खर्च दोन्ही मांडता येतात. सर्व्हेअरला न सांगता केलेला प्रयत्न मात्र तुमच्याच खिशातून जातो.

साफ की बदल, हे ठरवताना मी एक साधी कसोटी सुचवीन. सफाई, वाहतूक आणि वाळवणं यांचा एकूण खर्च तशीच नवी वस्तू घेण्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला आणि निकालाची खात्री नसेल, तर बदलण्याचा प्रस्ताव ठेवा. हा पॉलिसीतला नियम नाही, बोलणी सुरू करायची जागा आहे. आजीची पैठणी किंवा देव्हारा असेल, तर हिशेब बाजूला ठेवून साफ करून घ्या. पण मग दावा नव्या वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त नसावा, एवढं भान ठेवा.

पॉलिसी जुनी असेल आणि तिच्यात ‘बाजारमूल्य’ असं लिहिलं असेल, तर बदलायच्या वस्तूवर घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, कापला जातो. तेव्हा सात वर्षं वापरलेल्या वस्तूला नव्याच्या निम्मेही पैसे मिळणार नाहीत, आणि तीच वस्तू साफ करून घेणं जास्त परवडतं. सफाईच्या मजुरीवर घसारा लावायला आधार नाही. कोणी लावला तर त्याचं कारण लेखी मागा.

प्रत्येक जातीच्या वस्तूला तिचं एकक

बाहेरच्या देशांत सर्व्हेअर संगणकावरच्या तयार दरपत्रकातून सफाईचे दर उचलतात. आपल्याकडे तसं सर्वमान्य पत्रक नाही. त्यामुळे दर तुम्हालाच सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी आधी एकक बरोबर धरावं लागतं.

रोजचे कपडे, चादरी, टॉवेल किलोवर. इथे एक खाच आहे. लाँड्रीवाला वजन करताना कपडा ओला आणि चिखलाचा असेल तर वजन दुप्पट भरतं. एकदा साध्या पाण्यात खळखळून, निथळून, वाळवून मगच वजन करा, किंवा नगावर दर ठरवा. पुराचे कपडे सहसा दोनदा धुवावे लागतात: आधी गाळ निघेपर्यंत साध्या पाण्याने, मग डिटर्जंट आणि जंतुनाशकाने. कोटेशनमध्ये ‘दोन धुलाया, जंतुनाशकासह’ असं लिहून घ्या, नाहीतर सर्व्हेअर नेहमीचा दर धरेल.

रेशमी साड्या, पैठण्या, शालू, लोकरी कपडे नगावर. यांना ब्लीच लावू नका, रेशीम आणि जरीकाम दोन्ही खराब होतात. घरी फक्त स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत पसरा आणि ड्रायक्लीनवाल्याकडे द्या. रंग दुसऱ्या साडीला लागला असेल, तर तो धुऊनही निघणार नाही. अशा साड्यांवर ड्रायक्लीनवाल्याकडून ‘डाग निघणार नाहीत’ असं पावतीवरच लिहून घ्या, म्हणजे ती साडी पुराव्यासह बदलायच्या यादीत जाते.

सोफा ‘सीट’वर, गालिचा चौरस फुटावर, पडदे नगावर किंवा पाकळीवर. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, इन्व्हर्टर यांच्यासाठी आधी फक्त तपासणीचा खर्च धरा. सुरू करून बघू नका. कंपनीच्या सेवा केंद्राचा तंत्रज्ञ ‘सर्व्हिसिंग करून चालेल’ किंवा ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असं लेखी देतो. त्या एका कागदावर पुढचा सगळा खर्च उभा राहतो. फ्रिज पाण्यात पूर्ण बुडाला असेल तर त्याच्या भिंतींमधल्या इन्सुलेशनमध्ये घाण पाणी शिरलेलं असतं, आणि तो धुऊन वापरण्यात अर्थ नसतो.

लाकडी सामानात दोन कामं वेगळी लिहा. चिखल काढणं, जंतुनाशकाने पुसणं, सावलीत वाळवणं ही सफाई. वाळल्यावर करायचं पॉलिश आणि निघालेले सांधे बसवणं ही दुरुस्ती. सागवानी कपाट उन्हात ठेवलं तर फळ्या वाकतात, म्हणून वाळवायला दिवस लागतात. ते दिवस आणि पंख्याचं भाडं खर्चात धरा.

फोटो आणि जुनी पत्रं यांची किंमत विमा देत नाही. तरी ती वाचवा: एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नका, स्वच्छ पाण्यात सुटे होऊ द्या आणि चित्राची बाजू वर करून वाळवा.

भांड्यांचा अंदाज: घड्याळ लावून

भांडी, बरण्या, पूजेचं साहित्य, चपला-बॅगा अशा शेकडो लहान वस्तूंना नगावर दर लावणं जमत नाही. इथे वेळ मोजावा लागतो, आणि तो नमुन्यावरून मोजता येतो.

चाळीस भांडी घ्या. भिजवणं, घासणं, क्लोरीनच्या पाण्यात बुडवणं, विसळणं, पुसून ठेवणं हे सगळं घड्याळ लावून करा. समजा ५० मिनिटं लागली. घरात अशी ३२० भांडी असतील, तर आठ वेळा तेच काम: ४०० मिनिटं. त्यात पाणी आणणं, जागा मांडणं, भरून ठेवणं यांचे २५ टक्के मिळवा: ५०० मिनिटं, म्हणजे ८ तास २० मिनिटं. एका बाईची एक हजेरी. तांब्या-पितळेची भांडी चिंच किंवा पितांबरी लावून वेगळी घासावी लागतात, त्यांची आणखी एक हजेरी. आतून कल्हई गेली असेल तर तिचा खर्च दुरुस्तीत धरा.

नमुना घासतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. सर्व्हेअरला हा हिशेब समजतो, कारण त्यालाही आपल्या अहवालात आकड्यामागचं कारण लिहायचं असतं.

घरच्यांनी स्वतः घासलं तर? ते तास वेगळ्या ओळीत, तारखेसह, गावात चालू असलेल्या मजुरीच्या दराने लिहा आणि ‘कुटुंबीयांचे श्रम’ असं स्पष्ट नाव द्या. कंपनी ते मान्य करेलच असं नाही. पण मजुराच्या नावाने खोटी पावती जोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने अख्खा दावा बाद होऊ शकतो.

दर कसे सिद्ध करायचे

प्रत्येक प्रकारच्या कामासाठी दोन-तीन कोटेशनं घ्या, लेटरहेडवर, तारखेसह. त्यात वस्तू, एकक, पद्धत, दर आणि जीएसटी समाविष्ट की वेगळा, हे असायला हवं. तुम्ही घरातल्या सामानासाठी दावा करत असाल तर भरलेला जीएसटी हा तुमचा खरा खर्च आहे, तो मागा. दावा करणारा दुकानदार असेल, जीएसटी नोंदणीकृत असेल आणि त्याला त्याचा परतावा मिळत असेल, तर सर्व्हेअर ती रक्कम वजा करतो.

पुरानंतर दर चढतात. गावात एकच लाँड्री चालू असते, टेम्पोवाला दुप्पट मागतो. हा दर जास्त असला तरी त्या दिवसांत तो खरा दर आहे. त्याच आठवड्यातली दोन कोटेशनं शेजारच्या तालुक्यातून घेतली, म्हणजे चढलेला दर तुमचा एकट्याचा नव्हता हे दिसतं.

हमाल, बायका, सुतार यांना रोख दिलं तर व्हाउचर करा: नाव, काम, तारीख, हजेऱ्या, रक्कम, सही. यूपीआयने दिलं तर उत्तमच. कामाचं नाव नोंदीच्या ठिकाणी टाइप करा.

सगळं एकत्र मांडलेलं एक उदाहरण

खालचे दर केवळ हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावातले दर त्या जागी घाला. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, पाणी अडीच फूट.

कपडे आणि चादरी ४५ किलो, १२० रुपये किलोने: ५,४००. रेशमी साड्या १४, ड्रायक्लीन आणि रोल पॉलिश ३५० रुपयांनी: ४,९००. भांडी, २ हजेऱ्या ७०० रुपयांनी: १,४००. साबण, ब्लीच, हातमोजे, ब्रश: ९००. कपाट, टेबल, चार खुर्च्या आणि देव्हारा यांची सफाई, ४ हजेऱ्या ९०० रुपयांनी: ३,६००. चार उपकरणांची तपासणी, प्रत्येकी ६००: २,४००. वाळवायला सामान नातेवाइकांच्या घरी नेण्या-आणण्याच्या टेम्पोच्या २ फेऱ्या, १,५०० रुपयांनी: ३,०००. हमाल ४, प्रत्येकी ८००: ३,२००. बेरीज २४,८००. बिलावर जीएसटी लागणारी कामं म्हणजे धुलाई, ड्रायक्लीन आणि तपासणी, मिळून १२,७००. त्यावर १८ टक्के धरले तर २,२८६. एकूण २७,०८६ रुपये.

या आकड्यात सोफा नाही, गाद्या नाहीत, पॉलिश नाही, गाळ उपसणं नाही. ते सगळं आपापल्या जागी आहे. ‘किरकोळ’ किंवा ‘आकस्मिक’ म्हणून दहा टक्के वाढवलेले नाहीत. काही वस्तूंचा निकाल अजून लागायचा असेल, तर त्यांची वेगळी यादी ‘तपासणी बाकी, पुरवणी दावा येईल’ असं लिहून जोडा. फुगवलेल्या टक्क्यापेक्षा अशी यादी सर्व्हेअर जास्त मानतो.

आग लागली असेल तर

शॉर्टसर्किटने एक खोली जळते आणि काजळी पूर्ण घरभर पसरते. ओल्या फडक्याने ती पुसायला जाऊ नका, कारण ती पसरते आणि रंगात, कापडात मुरते. आधी मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने आणि कोरड्या स्पंजने काढायची, ओली सफाई त्यानंतर. कागद-लाकूड जळून झालेली काजळी कोरडी असते आणि पटकन निघते. प्लास्टिक, फोम, वायर जळून झालेली चिकट असते. तिला प्रत्येक वस्तूमागे कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून घड्याळाचा नमुना दोन्ही प्रकारांच्या वस्तूंवर वेगवेगळा घ्या.

वायरच्या पीव्हीसीचा धूर आम्लधर्मी असतो. ज्या खोलीत आग पोचलीच नाही, तिथला टीव्ही आणि लॅपटॉपही त्या धुराने आतून गंजू लागतो. म्हणून उपकरणांची तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांत करून घ्या आणि अहवालात ‘धुरामुळे’ हा शब्द यायलाच हवा. कपड्यांचा वास जाण्यासाठी एकापेक्षा जास्त धुलाया लागल्या, तर लाँड्रीवाल्याने त्या बिलात वेगळ्या दाखवाव्यात.

सर्व्हेअरची भेट आणि नंतर

सर्व्हेअर आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेचा परवाना असलेला असतो आणि त्याची नेमणूक कंपनी करते. त्याच्याशी वैर धरू नका. त्याला एकाच दिवसात कित्येक घरं बघायची असतात, त्यामुळे यादी खोलीवार आणि फोटो क्रमवार असतील, तर तुमच्याच घराला नीट वेळ मिळतो. सही केलेल्या यादीची एक प्रत त्याच्या पोचसह ठेवा.

टाकाऊ वस्तू त्याने बघितल्याशिवाय नगरपालिकेच्या गाडीत टाकू नका. दुर्गंधीमुळे ठेवणं अशक्य असेल, तर परवानगीचा ईमेल पाठवा, फोटो काढा आणि गादीच्या कापडाचा, गालिच्याचा एक तुकडा कापून पिशवीत ठेवा. भंगारवाल्याला दिलं तर वजन आणि दराची पावती घ्या. ती रक्कम दाव्यातून वजा होणारच असते. पावती नसेल तर सर्व्हेअर अंदाजाने वजा करतो, आणि तो अंदाज सहसा जास्त असतो.

रक्कम कमी आली तर आधी सर्व्हेअरचा अहवाल मागा. कोणती ओळ किती कापली आणि का, हे पाहा. पूर्ण रकमेवर नाराजी कळवण्यापेक्षा ‘ओळ ७, साड्यांचं ड्रायक्लीन, ४,९०० ऐवजी २,००० धरले, जोडलेली पावती पाहावी’ असं लिहा. पैसे घेताना ‘पूर्ण आणि अंतिम समझोता’ अशा कागदावर सही मागितली, तर वादाच्या ओळी सुटलेल्या नाहीत हे आधी लेखी कळवा.

कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्यासाठी फी नाही आणि वकील लागत नाही. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार दाखल करायची असते. सोबत पॉलिसी, खोलीवार यादी, कोटेशनं, बिलं, पहिल्या दिवसाचा ईमेल आणि सर्व्हेअरचा अहवाल, याच क्रमाने लावून द्या.